बंदी घातली की जुगार सुटतो का?

ऑनलाइन जुगारावरच्या सरकारी निर्बंधांविषयी आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. काही पत्रे कायद्याबद्दल आहेत, काही घरातल्या माणसाबद्दल. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : बंदीने व्यसन कमी होते का? हो की नाही, एवढे सरळ सांगा. दोन्ही बाजूंचे लेख वाचून डोके फिरायची वेळ आली आहे.

उत्तर : होते. मात्र कोणाचे आणि कशामुळे, हे वेगवेगळे पाहावे लागते.

जो माणूस अजून अधूनमधून खेळतो, त्याला निर्बंधांचा सर्वांत जास्त फायदा होतो, कारण सवय जडण्याआधीच वाट अवघड होते. ज्याला व्यसन जडले आहे, त्याला निर्बंध थोडी उसंत देतात. त्या उसंतीत उपचार सुरू झाले तर माणूस सावरतो. नाही झाले, तर तो दुसरी साइट, दुसरे खाते, उसनवारीची दुसरी जागा शोधतो.

सर्वांत स्पष्ट उदाहरण नॉर्वेचे आहे. तिथे १ जुलै २००७ रोजी देशभरातली जुगाराची स्लॉट यंत्रे, म्हणजे पैसे टाकून चित्रे फिरवायची यंत्रे, काढून टाकली. त्यानंतरच्या पाहण्यांत खेळणाऱ्यांचे प्रमाण आणि जुगारातून उद्भवणाऱ्या अडचणी, दोन्ही घटल्याचे दिसले. मदतवाहिनीकडे येणारे फोन कमी झाले आणि लोक लोंढ्याने दुसऱ्या जुगाराकडे वळल्याचे आढळले नाही. पुढे सरकारी कंपनीने यंत्रे परत आणली, पण ती वेगळ्या घडणीची होती. त्यांत रोख रक्कम चालत नव्हती, खेळाडूचे कार्ड सक्तीचे होते, हरण्याची कमाल मर्यादा ठरलेली होती आणि मध्ये सक्तीची विश्रांती होती.

जुनी यंत्रे दुकानात, स्टेशनवर उभी असायची. उचलून नेली की विषय संपला. फोनमधला जुगार असा उचलून नेता येत नाही. ऑनलाइन जुगाराला चार दारे असतात : साइट किंवा ॲप, पैशाची ये-जा, जाहिरात आणि खेळाची स्वतःची रचना. एकच दार लावून बाकीची उघडी ठेवली की कायदा कागदावर राहतो.

प्रश्न : या चारांपैकी कोणत्या निर्बंधाचा उपयोग सर्वांत जास्त? सरकारने एकच गोष्ट करायची ठरवली तर काय करावे?

उत्तर : चौथ्या दारावरचा, म्हणजे खेळाच्या रचनेवरचा : खेळाचा वेग आणि एका डावाची रक्कम. या गोष्टीची चर्चा सर्वांत कमी होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुगाराचे व्यसन लावते ते पैज लावणे, निकाल कळणे आणि लगेच पुन्हा पैज लावणे हे चक्र. ते जितके जलद, तितकी पकड घट्ट. आठवड्यातून एकदा सोडत निघणाऱ्या लॉटरीपेक्षा ऑनलाइन स्लॉट कितीतरी घातक, ते यामुळेच. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये दिलेल्या अंदाजानुसार ऑनलाइन कॅसिनो किंवा स्लॉट खेळणाऱ्या प्रौढांपैकी १५.८ टक्क्यांना जुगाराचा विकार असू शकतो. खेळांवर पैजा लावणाऱ्यांत हे प्रमाण ८.९ टक्के आहे. किशोरवयीन मुलांसाठी हेच आकडे २६.४ आणि १६.३ टक्के आहेत.

आता हिशेब मांडू. एखाद्या स्लॉटचा परतावा ९६ टक्के आहे असे धरा, म्हणजे लावलेल्या प्रत्येक १००मागे सरासरी ९६ परत येतात. ऐकायला बरे वाटते, पण तो परतावा दर फेरीचा आहे आणि आलेले पैसे लगेच पुढच्या फेरीत जातात. ब्रिटनच्या नियमानुसार दोन फेऱ्यांत किमान २.५ सेकंदांचे अंतर हवे. म्हणजे तासाला १,४४० फेऱ्या. २०२५च्या एप्रिलपासून तिथे २५ वर्षांवरील खेळाडूला एका फेरीत जास्तीत जास्त ५ पौंड लावता येतात. पूर्ण वेगाने खेळल्यास तासाभरात ७,२०० पौंड फिरतात आणि सरासरी २८८ पौंड जातात. जर्मनीत २०२१पासून फेरी किमान ५ सेकंदांची आणि डाव कमाल १ युरोचा आहे. तिथे तासाला ७२० फेऱ्या होतात, आणि परतावा तोच धरला तर सरासरी तोटा २९ युरोंच्या आत राहतो. खेळ तोच, चित्रे तीच, नुकसान साधारण दहावा हिस्सा. खेळाडूच्या मनोनिग्रहाची कसोटी न पाहता हे साधते.

ब्रिटनमध्ये १८ ते २४ वयोगटासाठी ही मर्यादा २ पौंड आहे, आणि ते योग्यच आहे. तिथल्या नियामक आयोगाने २०२१मध्ये स्लॉटमधले आणखी काही प्रकार बंद केले : आपोआप फिरत राहणारा खेळ, खात्यातून काढायला मागितलेली रक्कम परत खेळात ओढण्याची सोय, आणि हरल्यावरही जिंकल्यासारखा जल्लोष. हा शेवटचा प्रकार नीट पाहण्यासारखा आहे. तुम्ही १० लावता, ४ परत येतात, म्हणजे ६ गेले. पडद्यावर मात्र दिवे लुकलुकतात, नाण्यांचा खळखळाट होतो, ‘जिंकलात!’ असे झळकते. मेंदू आवाजाची नोंद ठेवतो, वजाबाकीची नाही.

प्रश्न : ॲपवर महिन्याची डिपॉझिट लिमिट असते, मग लोक इतके पैसे कसे हरतात?

उत्तर : कारण बहुतेक ठिकाणी ती लिमिट खेळाडूने स्वतः, त्याला वाटली तर, आणि फक्त त्या ॲपपुरती लावायची असते. स्वेच्छेची लिमिट लावणारे थोडे, आणि ज्यांना ती हवी ते शेवटी लावतात. शिवाय पाच ॲपांवर पाच लिमिटी म्हणजे पाचपट पैसे.

जर्मनीने यावर बरा उपाय काढला. महिन्याला १,००० युरोंची मर्यादा सर्व परवानाधारक कंपन्या मिळून आहे, आणि ती एका मध्यवर्ती नोंदणीतून तपासली जाते. एका ठिकाणी ६०० भरले तर बाकी सगळीकडे मिळून ४०० उरतात. बेल्जियममध्ये २०२२पासून आठवड्याला २०० युरो आहेत, पण दर साइटला वेगळे. त्यामुळे जो दहा साइटांवर फिरतो त्याला ती मर्यादा जाणवतही नाही.

लिमिटच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. कमी केली तर ती तत्काळ लागू व्हायला हवी. वाढवायची असेल तर किमान २४ तास थांबावे लागायला हवे. वाढवण्याची विनंती बहुधा हरण्याच्या भरात, रात्री उशिरा केलेली असते, आणि सकाळी तीच विनंती माणूस स्वतः रद्द करतो. दुसरे म्हणजे लिमिट निव्वळ तोट्यावर आहे की डिपॉझिटवर? डिपॉझिटवर असेल, तर जिंकलेली रक्कम पुन्हा पुन्हा फिरवत खेळायला काही अडसर नसतो. तेव्हा पैशाबरोबर वेळेचीही मर्यादा हवी.

क्रेडिट कार्डावरची बंदी मात्र साधी आणि गुणकारी आहे. ब्रिटनने १४ एप्रिल २०२०पासून आणि ऑस्ट्रेलियाने जून २०२४पासून ऑनलाइन पैजांसाठी ती लागू केली. जे पैसे आपल्याकडे नाहीतच ते हरता येऊ नयेत, एवढेच त्यामागचे तत्त्व. फट एकच उरते : झटपट कर्ज देणारी ॲप्स. त्या दिशेला कायद्याचे लक्ष अजून पुरेसे गेलेले नाही.

प्रश्न : रमी, पोकर, फँटसी स्पर्धा यांत डोके लागते. त्यांना जुगार म्हणणे अन्यायाचे नाही का?

उत्तर : न्यायालयांनी यावर वर्षानुवर्षे काथ्याकूट केला आहे. व्यसनाच्या दृष्टीने तपासायचे प्रश्न वेगळे आहेत : पैसे लागतात का, निकाल लवकर कळतो का, हरल्यावर लगेच पुन्हा बसता येते का? तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील तर डोके लागते की नशीब, याने व्यसनाच्या धोक्यात फारसा फरक पडत नाही. उलट कौशल्याचा भाग असला की ‘मी चुकलो, पुढच्या वेळी सुधारतो’ असे वाटत राहते, आणि हरलेले भरून काढण्याचा मोह अधिक टिकतो.

भारताच्या २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने म्हणूनच हा भेद बाजूला ठेवला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या या कायद्यात कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ पुरवणे, त्याची जाहिरात करणे आणि त्यासाठी पैशांचे व्यवहार होऊ देणे, तिन्हींवर बंदी आहे. खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि आमच्या मते या कायद्यातली ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. खेळाडूच गुन्हेगार ठरला, तर तो डॉक्टरसमोरही तोंड उघडत नाही.

प्रश्न : बंदी आली की लोक बेकायदा साइटांवर जातात आणि तिथे जास्त फसतात, असे म्हणतात. मग बंदीचा उपयोग काय?

उत्तर : काही जण जातात, हे खरे आहे. आणि जे जातात ते बहुधा आधीच सर्वांत खोल बुडालेले असतात, हेही खरे. अशा साइटवर लिमिट नसते, वयाची खात्री होत नाही, जिंकलेली रक्कम मागितली की ‘कागदपत्रे अपुरी’ म्हणून अडकवून ठेवतात आणि तक्रार कुठे करायची हेच कळत नाही. पण यावरून निर्बंधच नकोत असा निष्कर्ष काढणे आम्हांला पटत नाही. कंपन्यांना तो सोयीचा आहे. जो कधी शोधायला जाणार नाही, पण समोर आले तर खेळेल, अशांची संख्या मोठी असते आणि बंदी त्यांना वाचवते.

अंमल कसा होतो आणि कुठे फसतो, ते पाहा. पहिली पद्धत साइट अडवण्याची. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०१९पासून इंटरनेट कंपन्यांना बेकायदा साइट बंद करायला सांगितले जाते, आणि अशा हजारावर साइट आजवर अडवल्या आहेत. यातली अडचण म्हणजे नावात एखादा अंक बदलून तीच साइट दुसऱ्या दिवशी उभी राहते, आणि तिचा नवा पत्ता मेसेजच्या ग्रुपवर आधीच पोहोचलेला असतो. व्हीपीएन, म्हणजे आपण कुठून इंटरनेट वापरतो ते लपवणारी सोय, वापरली तर ही अडवणूक बहुतेक वेळा निष्प्रभ ठरते. ॲप-स्टोअरमधून काढलेले ॲप एपीके फाइल, म्हणजे स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये टाकायची फाइल, म्हणून फिरते, आणि तिच्याबरोबर फोनमधले मेसेज वाचणारा घातक प्रोग्रामही येऊ शकतो.

दुसरी पद्धत पैशाची वाट अडवण्याची, आणि आमच्या मते ती अधिक परिणामकारक आहे. कार्डाच्या व्यवहारात प्रत्येक व्यापाऱ्याला त्याच्या धंद्याचा चार अंकी क्रमांक असतो. जुगाराचा आहे ७९९५. बँकेने तो क्रमांक अडवला की पैसे जात नाहीत. यावर पळवाट म्हणजे धंदा दुसराच दाखवणे. अमेरिकेत २००६च्या कायद्याने जुगारासाठीचे पैशाचे व्यवहार अडवले. एप्रिल २०११मध्ये पोकरच्या तीन सर्वांत मोठ्या साइटांवर खटले भरले गेले, तेव्हा आरोपपत्रात असे होते की पैसे दागिने आणि गोल्फचे चेंडू विकणाऱ्या, प्रत्यक्षात नसलेल्या दुकानांच्या नावाने वळवले जात होते. आज हेच काम भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून आणि क्रिप्टोमधून होते. पैसे भरायला दर वेळी नव्याच व्यक्तीचे खाते दिले जात असेल, तर ते भाड्याचे खाते समजावे. त्यात पैसे टाकणाऱ्याचे स्वतःचे खातेही चौकशीत गोठू शकते.

बेकायदा बाजार वाढण्याचे एक कारण सरकारही असते. जर्मनीने ऑनलाइन स्लॉटवर लावलेल्या प्रत्येक रकमेवर ५.३ टक्के कर घेतला. नफ्यावर नव्हे, लावलेल्या रकमेवर. त्यामुळे परवानाधारक साइटवरचा परतावा घसरला आणि मुरलेल्या खेळाडूंना बाहेरच्या साइट अधिक फायद्याच्या दिसू लागल्या. महसूल आणि व्यसनमुक्ती या दोन्हींसाठी एकच कायदा वापरायला गेले की असे होते.

प्रश्न : जाहिरातींवर बंदी घालून काही फरक पडतो का?

उत्तर : व्यसन सोडू पाहणाऱ्याला नक्की पडतो, कारण जाहिरात पाहताच तलफ उसळते. इटलीने २०१८च्या अध्यादेशाने जुगाराच्या जाहिराती आणि प्रायोजकत्व दोन्ही बंद केले. स्पेनने २०२०मध्ये टीव्ही-रेडिओवरच्या जाहिराती रात्री १ ते ५ या वेळेत ढकलल्या. कायद्याची वाट न पाहता घरी एवढे करता येते : गूगलच्या जाहिरात-सेटिंगमध्ये संवेदनशील विषयांत ‘जुगार’ हा पर्याय असतो, तो बंद करावा. समाजमाध्यमांवर ‘टिप’ देणारे ग्रुप सोडून त्यांना ब्लॉकही करावे, नाहीतर ते पुन्हा सामील करून घेतात.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे. गेममध्ये पैसे देऊन ‘पेट्या’ उघडतो. हा जुगारच ना? यावर बंदी का नाही?

उत्तर : बेल्जियममध्ये आहे. तिथल्या जुगार आयोगाने २०१८मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना, म्हणजे लूट बॉक्सना, जुगार ठरवले. पुढे झालेल्या एका अभ्यासात तिथल्या आयफोनवरच्या सर्वाधिक कमाईच्या १०० गेम तपासल्या, तर ८२ गेममध्ये त्या पेट्या सापडल्या. बंदी घातली, पण रोज तपासणारी यंत्रणा उभी केली नाही. आईवडिलांना मात्र वाटत राहिले की आता काळजी नाही.

तुमच्या घरी करण्यासारखे : फोनमध्ये साठवलेले कार्ड काढून टाका. ॲप-स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असे सेटिंग करा. ‘पहिल्या खरेदीनंतर काही मिनिटे पासवर्ड नको’ हा पर्याय निवडलेला असेल तर बदला, कारण त्याच मिनिटांत दहा पेट्या उघडल्या जातात. खरेदीचा मागचा इतिहास मुलाबरोबर बसून पाहा आणि एकूण बेरीज त्यालाच करू द्या. पेटीतून मिळालेल्या वस्तू बाहेरच्या साइटवर विकतो किंवा पैजेवर लावतो का, हे शांतपणे विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर प्रकरण गेमच्या पुढे गेले आहे. गेम सरसकट हिसकावून घेऊ नका. पैशाची वाट बंद करा आणि गेम राहू द्या.

प्रश्न : एखादा कायदा यशस्वी झाला की नाही, हे कोणत्या आकड्यावरून ओळखायचे?

उत्तर : महसूल घटला, एवढ्यावरून नाही, तो लपलेलाही असू शकतो. मदतवाहिनीचे फोन वाढले म्हणजे कायदा फसला, असेही नाही. बंदीनंतर पहिल्या काही महिन्यांत फोन वाढणे चांगले लक्षण असू शकते, कारण वाट बंद झालेली माणसे मदत मागू लागतात.

लोकसंख्येच्या पाहणीत, कायद्याआधी आणि नंतर, त्याच प्रश्नावलीने मोजलेले प्रमाण पाहावे. अनेक देशांत नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. तिच्यात २७पैकी ८ किंवा अधिक गुण म्हणजे गंभीर अडचण. त्याच्या जोडीला दिवाळखोरी आणि थकलेल्या कर्जांकडे लक्ष ठेवावे. अमेरिकेत मे २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्याराज्यांत पैजा कायदेशीर होत गेल्या, आणि ऑनलाइन पैजांना परवानगी देणाऱ्या राज्यांत दिवाळखोरीचे अर्ज वाढल्याचे अर्थतज्ज्ञांना आढळले. वाट उघडल्यावर नुकसान वाढते, हा बंदीच्या बाजूचा पुरावाच आहे.

प्रश्न : सवय आणि व्यसन यांत सीमारेषा कुठे?

उत्तर : मानसोपचारात निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या ग्रंथात नऊ लक्षणे आहेत. रक्कम वाढवत नेणे, थांबताना चिडचिड, कमी करण्याचे फसलेले प्रयत्न, डोक्यात सतत तोच विचार, मन खचले की खेळणे, हरलेले भरून काढायला परत येणे, खोटे बोलणे, नाते किंवा नोकरी धोक्यात येणे, आणि पैशासाठी दुसऱ्यांवर भिस्त. बारा महिन्यांत यांतली चार दिसली तर निदान होते. घरच्यांना त्याआधी दोन प्रश्न पुरतात : जास्त जास्त पैसे लावावेसे वाटले का? किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले का? एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर तज्ज्ञाकडे जायला हरकत नाही. उशीर होण्यापेक्षा ते बरे.

प्रश्न : ॲप बंद झाल्यापासून माझे मिस्टर रात्र रात्र जागे असतात, मुलांवर ओरडतात. खेळत नाहीत असे म्हणतात, पण फोन उलटा ठेवतात. मी काय करू?

उत्तर : ताई, जागरण आणि चिडचिड हे खेळ तुटल्याचे लक्षण असू शकते आणि चोरून चालू असल्याचेही. त्यामुळे भांडणाने सत्य काढायच्या भानगडीत पडू नका. आधी पैसा सुरक्षित करा. सत्य त्यातून आपोआप समोर येते.

त्यांची तयारी असेल तर पगाराचे खाते तुम्ही दोघे मिळून पाहाल अशी व्यवस्था करा, आणि रोजच्या खर्चाला मोजकी रोख रक्कम द्या. कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करा, दिवसाची मर्यादा खाली आणा. जुगाराचे व्यवहार अडवण्याची सोय बँकेत असेल तर ती घ्या, आणि ती काढायला किमान ४८ तास लागतील ना, हे विचारा. लगेच निघत असेल तर तिचा फारसा उपयोग नाही.

मग खाती. नुसते ॲप काढून टाकल्याने खाते बंद होत नाही. कंपनीचे मेसेज आणि बोनसचे आमिष चालूच राहते. आधी शिल्लक काढून घ्या, मग कायमचे बंद करा किंवा स्वतःला प्रतिबंधित करून घ्या, असे लेखी कळवा आणि त्या मजकुराचा स्क्रीनशॉट ठेवा. फोनवर बोलू नका. तिथे ‘खास ग्राहक’ म्हणून बोनस देऊन परत वळवतात.

काही देशांत एकाच अर्जाने सगळ्या परवानाधारक साइट बंद करून घेता येतात. ब्रिटनच्या गॅमस्टॉपमध्ये सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे हे पर्याय आहेत. मध्येच माघार घेता येत नाही, आणि मुदत संपल्यावरही स्वतः सांगितल्याशिवाय बंधन उठत नाही. अशा नोंदणीत जुने ईमेल, जुने मोबाइल क्रमांक, जुने पत्ते सगळे द्यावे लागतात. राहून गेलेला एक ईमेल म्हणजे उघडी राहिलेली खिडकी. स्वीडनची यंत्रणा राष्ट्रीय ओळख क्रमांकावर चालते, म्हणून तिथे नावे बदलून शिरणे अवघड. तरीही लोक बिगरपरवाना साइटवर खेळल्याचे आढळले आहेच. जर्मनीत आणि सिंगापूरमध्ये घरच्यांनाही अर्ज करता येतो.

फोनवर जुगाराच्या साइट अडवणारे सॉफ्टवेअर टाका. बेटब्लॉकर मोफत आहे. घरातल्या प्रत्येक उपकरणावर टाका, जुन्या टॅबवरसुद्धा, आणि पासवर्ड असेल तर तो तुमच्याकडे ठेवा.

हे सगळे करून तलफ जात नाही. ती लाटेसारखी चढते आणि ओसरते. बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटे दुसऱ्या कशात तरी गुंतून काढली की जोर कमी होतो. कोणत्या वेळी चढते ते लिहून काढा. बहुधा पगाराचा दिवस, सामन्याची रात्र आणि भांडणानंतरचा तास. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत आणि माणूस सोबत हवा. उपचारांत सर्वांत जास्त पुरावा वर्तनोपचाराचा आहे, म्हणजे विचार आणि सवयी टप्प्याटप्प्याने बदलण्याचा. काहींना मनोविकारतज्ज्ञ औषधही देतात. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्यावरही त्याच वेळी उपचार हवेत.

आणि एक गोष्ट जपून सांगतो. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका खरोखर मोठा असतो, विशेषतः कर्ज उघड होण्याच्या सुमारास. ‘मी नसलो तर बरे’ असे काही बोलले तर एकटे सोडू नका, सरळ विचारा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. विचारल्याने तो विचार बळावत नाही.

प्रश्न : धाकट्या भावाचे बरेच कर्ज झाले आहे. एकदाचे सगळे फेडून टाकावे म्हणतो. योग्य होईल का?

उत्तर : एकरकमी फेडू नका. कर्ज एका दिवसात नाहीसे झाले की त्याच्या हाती काही उरत नाही शिकायला, आणि पुन्हा कर्ज मिळण्याची दारे मात्र उघडतात. अनेक घरांत हेच दोन-तीनदा होते, आणि दर वेळी रक्कम वाढलेली असते.

त्याला बसवून संपूर्ण यादी करा : कोणाचे, किती, व्याज काय, तारण काय, धमकी कोण देतो. पहिल्या यादीत सगळे येत नाही. आठवड्याने पुन्हा बसा. बँकेची विवरणपत्रे आणि कर्ज ॲपांचे मेसेज समोर ठेवून ताळा करा. मग क्रम लावा. आधी घरभाडे किंवा घराचा हप्ता, वीज, शिक्षण, औषधे. त्यानंतर तारण असलेली कर्जे. मग बाकीची. बँकेशी लेखी बोलून हप्ता कमी करून घ्या; नव्या कर्जाने जुने फेडायचे नाही. तुम्हांला मदत करायचीच असेल तर पैसे ज्याचे देणे आहे त्याला थेट द्या आणि पावती घ्या, भावाच्या खात्यात टाकू नका. हप्त्याचा काही भाग, छोटा का होईना, त्याच्याच कमाईतून जाऊ द्या.

जामीन राहू नका. तुमच्या नावावर त्याने आधीच काही घेतले आहे का, हे तुमचा क्रेडिट रिपोर्ट मागवून पाहा. वसुलीवाले धमक्या देत असतील तर कॉल आणि मेसेज जपून ठेवा आणि पोलिसांत तक्रार करा. थोड्याच दिवसांत ‘हरलेले पैसे परत मिळवून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येऊ शकतो. खेळाडूंचे नंबर विकत घेऊन टोळ्या हे करतात. भावाला याची कल्पना आजच द्या, आणि असा फोन आला की कोणतीही रक्कम न भरता तो नंबर तुमच्याकडे पाठवायला सांगा.